काळोखेसाहेबांचे काप

"माणसाच्या आत काय चाललंय हे या जगात दोघांनाच कळतं. एक परमेश्वर आणि दुसरा एक्स-रे डॉक्टर. पैकी परमेश्वर रिपोर्ट देत नाही."

हे वाक्य काळोखेसाहेबांनी हयातभर परिषदांतून, निरोपसमारंभांतून आणि एकदा एका शोकसभेतही उच्चारले होते, आणि शोकसभा धरून सगळीकडे त्याला टाळ्या पडल्या होत्या. आज ते त्यांनी हॉस्पिटलच्या, पाठीवर उघड्या झग्यात उभे राहून उच्चारले. अशा झग्याच्या नाड्या माणसाचा हात जिथे पोचत नाही नेमक्या तिथे शिवलेल्या असतात. त्यांतली एक साहेबांनी मुठीत धरली होती आणि दुसरी सापडत नव्हती. समोरचा टेक्निशियन अदबीने म्हणाला, "हो सर. चष्मा काढा."

साहेबांनी चष्मा काढून त्याने पुढे केलेल्या ट्रेमध्ये ठेवला, शेजारी घड्याळ ठेवले. ट्रे धूसर झाला, टेक्निशियन धूसर झाला, आणि खोलीच्या मधोमध उभे असलेले ते पांढरे, गोल, पोटात भोक असलेले यंत्र मात्र होते त्याहून मोठे दिसू लागले. या यंत्राला ते इतकी वर्षे 'पाव कापायचं मशीन' म्हणत आले होते. आता पावाच्या जागी झोपायची पाळी त्यांची होती. टेक्निशियनने दुसरी नाडी शोधून गाठ मारली, हाताला धरून त्यांना अरुंद फळीवर बसवले, आडवे केले, दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगितले. शरण आलेल्या माणसासारखे हात वर करून साहेब छताकडे बघत राहिले. छतावर कोणीतरी निळे आकाश आणि ढग रंगवले होते. पेशंटला प्रसन्न वाटावे म्हणून असणार. साहेबांना मात्र, इथवर येऊन आपण थेट वरच पोचलो की काय, असे वाटून गेले.

खरे तर त्यांचे आडनाव काळोखे नव्हते. उमेदीची सगळी वर्षे ते तळमजल्यावरच्या एका अंधाऱ्या खोलीत, प्रकाशाच्या पेटीवर फिल्म लावून बसले. नर्सेसनी त्यांना कधीतरी हे नाव ठेवले आणि ते असे चिकटले, की लग्नाच्या आमंत्रणपत्रिकाही 'श्री. व सौ. काळोखे' अशा यायला लागल्या. "लग्नात मी आडनाव बदललं ते यासाठी नव्हे," असे त्यांची बायको अजूनही म्हणे. साहेबांना मात्र ते नाव किताबासारखे वाटायचे. काळोखात बसून ते छाया वाचत. पेशंट येई, छाती मशीनला लावून उभा राही, ते काचेमागून ओरडत, "श्वास घ्या... धरा..." आणि त्याच्याबरोबर स्वतःही श्वास धरून ठेवत. ही त्यांची कामाची पद्धत होती. नव्या नोकरीत एकदा ते 'धरा' म्हणून फिल्म काढून दुसऱ्या कामाला लागले आणि 'सोडा' म्हणायलाच विसरले. परत येऊन बघतात तो एक आज्ञाधारक पोस्टमास्तर जांभळा होऊन उभा. तेव्हापासून नियमच: पेशंटचा श्वास आपल्या छातीत ठेवायचा. आपला जीव गुदमरला की 'सोडा' म्हणायचे. त्या खोलीत त्यांनी आयुष्यात जितके श्वास धरले तितके एखाद्या पाणबुड्याने धरले नसतील. आणि फिल्म ओली असतानाच ती उजेडाकडे धरून ते सांगत, इथे पाणी आहे, इथे गाठ आहे, इथे काही नाही. सांगितले की सांगितले. सर्जन लोक विचारायला येत. त्यांतला एक तर कुठलाही पेशंट दिसला की "उघडून बघू" एवढेच म्हणायचा. त्याने साहेबांच्या एका मामांचे पोट दोनदा उघडून बघितले, दोन्ही वेळा काही सापडले नाही, आणि मामा पुढे आयुष्यभर लग्नकार्यात शर्ट वर करून ते दोन्ही व्रण दाखवीत असत. तर अशा काळात, न उघडता बघणारा माणूस म्हणजे कोण मान.

फळी हळूच आत सरकली आणि मागे आली. साहेबांच्या मनात आले, दोन आठवड्यांपूर्वी हर्नियाचे ऑपरेशन ठरले नसते तर हे काही झाले नसते. ऑपरेशनच्या आधी छातीचा एक साधा फोटो काढायचा असतो, रिवाज म्हणून. तो काढला, आणि साहेबांनी जुन्या ओळखीवर फिल्म पाकिटात घालून घरी आणली. आपली फिल्म आपण वाचू नये, हे त्यांनी स्वतःच पोरांना शिकवले होते. पण न्हावी जसा जाता-येता लोकांच्या केसांकडे बघतो, तशी त्यांची नजर. त्यांनी ती स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली. बायको चहा गाळत होती. डाव्या फुफ्फुसाच्या मध्यावर, एक बरगडी दुसरीवरून जाते त्या जागी, शर्टाच्या बटणाएवढा गोल, पांढरा डाग होता. साहेबांनी चष्मा पुसला, फिल्म उलटी करून पाहिली, खिडकीची काच पुसली. डाग होताच. त्यांनी बरगड्यांवरून नजर फिरवली आणि बरगडीचा विचार तिथल्या तिथे निकालात काढला, कारण आपले हाड कधी मोडलेले नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. हाड मोडले असते तर फोटो काढला असता. फोटो नाही, म्हणजे फ्रॅक्चर नाही. तळमजल्यावर हा कायदाच होता. मग उरले काय? या वयात, तरुणपणी ओढलेल्या सिगरेटींच्या पार्श्वभूमीवर, असा डाग म्हणजे काय असतो हे त्यांनी हजारोंना गोड शब्दांत सांगितले होते. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ऐकलंस का. माझे आता थोडे महिने राहिले."

बायको म्हणाली, "मग फ्रिज दुरुस्त करून घेऊ, का नवीनच बघायचा?"

पण गाळणे तिने खाली ठेवले होते आणि चहा ओट्यावर सांडला होता, हेही साहेबांनी पाहिले. त्यानंतरचे दिवस फार विचित्र गेले. साहेबांनी कपाट आवरले, जुने पट्टे वाटून टाकले, शेजाऱ्याशी भांडण मिटवले आणि नंतर ते उगाच मिटवले असे वाटून चिडले. ते कोणाशी बोलत नव्हते, कारण आत एक भलताच गुंता होऊन बसला होता. एवढी वर्षे ते कधी चुकले नव्हते, निदान त्यांचे तसे मत होते, आणि तीच त्यांची इस्टेट. आता या फिल्मबाबत ते बरोबर ठरले, तर जाणार. आणि जगायचे असेल, तर चुकले असले पाहिजेत. शेवटच्या फिल्मवर, स्वतःच्याच छातीबद्दल, चुकलेले असले पाहिजेत. रात्री कुशीवर वळताना ते देवाजवळ नेमके काय मागत होते हे त्यांचे त्यांनाच सांगता आले नसते. बायकोला त्यांनी हे बोलून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "एवढी वर्षं मी तुम्हाला चूक ठरवतेय, एकदा तरी मान्य केलंत का? आता एकदा करून बघा. जीव वाचेल." आणि त्यांच्यासमोरच तिने फोन उचलून मुलीला सगळे सांगितले. मुलगी पलीकडून म्हणाली, "बाबांना सकाळी उपाशीपोटी पाठव." तिचा आवाज पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना असतो तसा, इस्त्री केलेला होता.

मुलीला घरात चिंगी म्हणत. ती आता या हॉस्पिटलच्या स्कॅन विभागाची प्रमुख होती, आणि तिच्या हाताखालचे डॉक्टर तिला पाहून खुर्चीतून उठत. तिने हीच विद्या घ्यायची ठरवली तेव्हा साहेब म्हणाले होते, "काळोखात बसून आयुष्य काढायचंय का तुला?" ती म्हणाली होती, "आता उजेडात बसतात, बाबा." ते वाक्य साहेबांना लागले होते. हे यंत्र आले तेव्हा ती जेवताना त्याच्याबद्दलच बोलायची. आधीची यंत्रे एका श्वासात एक काप घ्यायची. दोन श्वासांमध्ये छाती हलली की बारीकसा डाग दोन कापांच्या फटीतून निसटून जाई. हे यंत्र गरगर फिरता फिरता एका दमात सगळी छाती उचलते, कागदासारखे पातळ शेकडो काप, आणि मग ते काप जुळवून माणूस पुढून बघा, बाजूने बघा, खालून बघा. तोंड वाकडे झालेला एक माणूस आणला, त्याची बहीण अजून नाव-पत्ता सांगत होती तोवर मेंदूतली बंद पडलेली नळी आम्हाला दिसली होती, तो चालत घरी गेला. बाळंतिणीला धाप लागते म्हणून आणली, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी. दुपारपर्यंत औषध सुरू. साहेब घास गिळून म्हणत, "म्हणजे नुसतं बटण दाबायचं." मुलगी हसून सोडून द्यायची. मात्र हाच माणूस न्हाव्याच्या खुर्चीत बसला, की कात्री थांबवून सांगे, "अहो, साधा एक्स-रे म्हणजे मिटलेलं पुस्तक उन्हात धरून वाचणं. सगळ्या पानांवरची अक्षरं एकावर एक. आम्ही त्यातून अर्थ लावायचो. आमची मुलगी पान न् पान उलटून वाचते." न्हाव्याला ही गोष्ट इतकी पाठ झाली होती, की तो ती दुसऱ्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या मुलीची म्हणून सांगत असावा, असा साहेबांना संशय होता. घरी मात्र त्यांनी हे वाक्य कधी उच्चारले नाही. बापाने मुलीचे तोंडावर कौतुक करणे त्यांना झग्याच्या पाठीसारखे वाटे: उघडे पडल्यासारखे.

"सर, आता इंजेक्शन जाईल. थोडं गरम वाटेल," टेक्निशियन म्हणाला आणि काचेमागे गेला. थोडं गरम वाटेल. हे वाक्य साहेबांनी स्वतः मूत्रपिंडाच्या फोटोंच्या वेळी उभ्या हयातीत अगणित लोकांना ऐकवले होते. पुढच्याच क्षणी त्यांच्या घशातून एक उकळता झरा निघाला, छातीतून पोटात उतरला आणि त्याहून खाली जाऊन अशा ठिकाणी पसरला, की आपल्या हातून बालपणानंतर न घडलेली गोष्ट आत्ता, मुलीच्या विभागात, मुलीच्या हाताखालच्या माणसांसमोर घडली, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी छतावरच्या ढगांकडे बघत त्या अगणित लोकांची मनातल्या मनात माफी मागितली. फळी सरकू लागली. वर्तुळात काहीतरी घरघरत फिरायला लागले, आणि त्या घरघरीतून एक आवाज आला: "श्वास घ्या."

आवाज चिंगीचा होता. साहेब दचकले. यंत्र परदेशातून आले तेव्हा परक्या भाषेत बोलायचे, म्हणून तिने आपल्या आवाजात सूचना भरून ठेवल्या होत्या, हे तिने कधीतरी सांगितले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे 'हं' म्हटले होते. "श्वास धरून ठेवा." साहेबांनी धरला. आणि त्या आवाजानंतरच्या शांततेत त्यांना ऐकू आले, की कोणी श्वास सोडलेला नाही. आवाज भरून घेताना ती पोरगी पलीकडे श्वास धरून बसली होती. कोणीही पेशंट समोर नसताना. साहेबांच्या बंद छातीत काहीतरी जोरात वर आले. हे तिला कोणी शिकवले नव्हते. शाळेला सुट्टी असली की ती तळमजल्यावर त्यांच्या स्टुलावर बसून असायची, तेव्हाच कधीतरी तिने ते उचलले असणार. धरून ठेवा. साहेबांना अशीच एक बंद छाती आठवली, हॉस्पिटलच्या वसाहतीमागचा उताराचा रस्ता आठवला. सायकल लाल होती, तिची घंटा वाजत नसे. बायकोने बजावले होते, उतारावर पोरीला शिकवू नका, तुम्हीच पडाल. ते सीट धरून मागे धावत होते, ती म्हणत होती, "बाबा, सोडू नका हं," आणि वळणावर पाण्याच्या टाकीचा तो बुटका लोखंडी कठडा कुठून आला कोण जाणे, तो त्यांच्या डाव्या कुशीत असा बसला, की हात सुटला आणि साहेब रस्त्यावर आडवे. श्वास आत जाईना, बाहेर येईना. आणि पुढून, लांबून, मागे न बघता तिचा आवाज, "बाबा, धरलंय ना?" जमिनीवर पालथ्या पडलेल्या साहेबांनी कुठून तरी हवा गोळा करून उत्तर दिले होते, "धरलंय, धरलंय. चालव तू." आणि ती गेली. वेण्या उडवत उताराच्या शेवटापर्यंत गेली, एकटी. त्या क्षणी त्यांना दुखत होते की अभिमान वाटत होता, ते वेगळे करता येत नव्हते. दोन्ही एकाच बाजूला होते. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितले, उसण भरली. तिने कितीतरी दिवस गरम कपड्याने शेकले. फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. तळमजल्यावर काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत बायकोच्या कानावर गेला असता.

"श्वास सोडा," आवाज म्हणाला, आणि त्याच्या मागोमाग, अगदी बारीक, तिचा स्वतःचा सोडलेला श्वास. घरघर थांबली. एवढेच. एक श्वास, आणि साहेबांची सगळी छाती उचलून नेली होती.

फळी बाहेर आली. साहेब ढगांकडे बघत पडून राहिले, आणि बऱ्याच वेळाने दार उघडले. पांढऱ्या कोटातली चिंगी आली. तिने त्यांना उठवून बसवले, "चला, बाबा," म्हणाली आणि हाताला धरून चालवू लागली. आवाजावरची इस्त्री मोडली होती, पण कशाने, ते साहेबांना कळेना. तिचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता. बाहेर बाकावर बायको बसली होती, तीही पर्स सावरत मागोमाग आली. काचेमागच्या खोलीत पडद्यांची रांग होती. चिंगीने त्यांना मधल्या खुर्चीत बसवले, प्रमुखाच्या खुर्चीत, आणि स्वतः शेजारी उभी राहिली. टेक्निशियन उठून भिंतीला टेकला. साहेबांनी झगा पाठीशी घट्ट धरला.

"हे बघा," ती म्हणाली, आणि माउसचे चाक फिरवू लागली. "वरून खाली येतेय. हे फुफ्फुसाचं शिखर. हे मोकळं. हे मोकळं. हा हृदयाचा काठ. आता तुमचा डाग जिथे होता तिथे येतो आपण." साहेब पुढे वाकले. "आलो. फुफ्फुसात काय आहे?"

"तू सांग," साहेब म्हणाले.

"काही नाही. हवा. स्वच्छ." तिने पुन्हा चाक फिरवले. "आणि हा तुमचा डाग. फुफ्फुसात नाहीच तो. फुफ्फुसाच्या बाहेर आहे, बरगडीवर. सहावी, डावी. जुनं फ्रॅक्चर आहे, आपोआप भरून आलंय, हाडाची गाठ झालीय तिथे. साध्या फिल्मवर ती नेमकी मागच्या बरगडीवर पडली आणि गोल दिसली. मी तिन्ही बाजूंनी बघितलं. आमच्या दोघा डॉक्टरांना वेगवेगळं बघायला लावलं. सुई नको, ऑपरेशन नको, काही नको. हर्निया तेवढा करून घ्या." मग ती थांबली. "बाबा, चुकलात तुम्ही."

बायकोने भिंतीला हात टेकला आणि सावकाश खाली बसली. टेक्निशियनने खुर्ची सरकवली ती अगदी वेळेवर. तिने पर्स उघडून बंद केली, पुन्हा उघडून रुमाल काढला. साहेब म्हणाले, "चुकलो," आणि हा शब्द आपल्या आवाजात कसा वाटतो हे बघण्यासाठी असेल, पुन्हा म्हणाले, "साफ चुकलो." पेढ्यासारखा गोड शब्द होता तो. इतकी वर्षे उगाच टाळला.

"पण ही बरगडी मोडली कधी?" चिंगी म्हणाली. "तुमचं हाड कधी मोडलं नाही म्हणून तुम्हीच सांगता."

साहेबांनी झग्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या. "तुला ती लाल सायकल आठवते?"

"हो. तुम्ही मागे धावत होतात. उतार संपेपर्यंत धरलं होतंत."

"वळणापर्यंत," साहेब म्हणाले. "पुढे मी कठड्यापाशी आडवा होतो."

"तुम्ही म्हणालात, धरलंय."

"तू विचारलंस, म्हणून म्हणालो."

चाकावरचा तिचा हात थांबला. पडद्यावर तिच्या बापाचा एक काप स्थिर उभा होता, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने आजवर हजारो छात्या वाचल्या होत्या, पण या एका बरगडीवर काय लिहिले आहे हे तिला कोणी उलटून दाखवले नव्हते. मग ती एवढेच म्हणाली, "म्हणजे मी एकटीच गेले."

"पुढचा सगळा उतार," साहेब म्हणाले.

मागून बायकोचा आवाज आला. "म्हणजे ती उसण नव्हती." तो प्रश्न नव्हता. "महिनाभर शेकलं मी. आणि मी म्हटलं होतं की नाही, उतारावर नको?"

"म्हटलं होतंस. आज दोनदा चुकलो मी," साहेब म्हणाले. आज ते या बाबतीत अगदी सढळ झाले होते. त्यांच्या छातीत पुन्हा ते वर येऊ लागले, इंजेक्शनच्या झऱ्यासारखे गरम, फक्त उलट्या दिशेने. त्यांनी टेक्निशियनकडे वळून, व्यासपीठावरच्या आवाजात सुरुवात केली. "बघा. आमच्या काळी या डागावर त्या सर्जनने मला उघडून बघितलं असतं. दोनदा. मी फिल्मवर एक छाया वाचली आणि स्वतःला मारून टाकलं. हिने एका श्वासात मला बाहेर काढलं. मिटलेलं पुस्तक वाचणारे आम्ही. ही पान न् पान उलटून वाचते." न्हाव्याचे वाक्य शेवटी घरच्या माणसांसमोर निघून गेले. चिंगीने मान फिरवली आणि कोटाच्या बाहीने नाक पुसले. विभागप्रमुखाला न शोभणारी गोष्ट होती ती. साहेबांना आता आवरेना. त्यांनी पडद्याकडे बोट केले. "आणि काय हे चित्र. काय रेखीव. हाड हाडासारखं, हवा हवेसारखी. ही गाठ बघा, मोत्यासारखी. इतकं स्वच्छ मी उभ्या आयुष्यात काही पाहिलेलं नाही."

चिंगीने हलकेच त्यांचे बोट धरले आणि ते शेजारच्या, बंद असलेल्या पडद्यावरून उचलून चालू पडद्यावर आणून ठेवले.

बोट तिच्या हातात तसेच ठेवून साहेब खालच्या आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असे म्हणाले, "चिंगे, आत त्या ट्रेमध्ये माझा चष्मा राहिलाय. तेवढा आण ना."